‘सगळे माझ्याकडेच बघतात’



या महिन्याचे पान आम्ही थोडे जड मनाने लिहीत आहोत. इतरांच्या घरातील उदाहरण देऊन नसीहत करणे सोपे असते. या वेळी उदाहरण आमच्याच घरातील आहे आणि त्यातील दोन मोठ्या चुका आमच्या स्वतःच्या आहेत. त्या लिहाव्यात की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी आमची बहीणच म्हणाली, “भाईजान, लिहा. एखाद्या घरची चावी खिळ्यावरच राहिली तरी पुष्कळ झाले.”

आमचा एक भाचा आहे. गोंदियातच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. लहानपणापासून त्याचा आवाज गोड. आठवीत असताना मोहल्ल्यातील मिलादच्या जलशात तो नात म्हणायला उभा राहिला. दुसऱ्याच ओळीला त्याचा आवाज फुटला. त्या वयात मुलांचा आवाज फुटतो, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पण त्या क्षणी पुढच्या रांगेतील काही जण हसले. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे होते. पुढे कितीतरी दावतींमध्ये आम्ही तो किस्सा त्याच्या आवाजाची नक्कल करून सांगितला. सगळे हसायचे, तोही कसनुसा हसायचा. त्यानंतर त्याने माइक कधी हातात घेतला नाही. जुम्याला तो अगदी शेवटच्या सफमध्ये उभा राहू लागला. घरी पाहुणे आले की गच्चीवर जाऊन बसायचा. बहीण म्हणायची, “फार लाजाळू झाला आहे.” आम्ही म्हणायचो, “हया आहे, चांगलेच आहे.”

हाच मुलगा अकरावीत गेला. शब-ए-बरातची रात्र होती. “मामू, कब्रस्तानात जाऊन येतो, नानाच्या कबरीवर फातिहा पढायची आहे. गाडी द्या ना,” असे त्याने म्हटले. आम्ही खिळ्यावरची चावी काढून त्याच्या हातात दिली. वय १६, लायसन्स नाही, हेल्मेट नाही. कब्रस्तान जवळ आहे, रात्र मुबारक आहे, मुलगा लाजाळू आहे. काय होणार आहे? असाच आमचा विचार होता.

तो कब्रस्तानात गेला, फातिहाही पढला. परतताना दोन मित्र त्याच्या गाडीवर बसले. दुसऱ्या दोन गाड्यांवर आणखी मुले होती. बालाघाट रोडवर शर्यत लागली. वळणावर गिट्टी पडलेली होती. भाच्याच्या नडगीचे हाड दोन ठिकाणी मोडले. मागे बसलेल्या मुलाच्या डोक्याला मार लागला. त्याला रात्रीच नागपूरला न्यावे लागले आणि अकरा दिवस तो तिथे होता. अल्लाहची मेहेरबानी, तो वाचला. त्याची अम्मी त्या अकरा दिवसांत आमच्याशी एक शब्दही बोलली नाही आणि आम्हालाही काही बोलायचे धाडस झाले नाही.

दवाखान्यात प्लॅस्टर चढवलेला पाय वर बांधलेला असताना भाच्याने आम्हाला जे सांगितले, त्यावरून हा लेख सुरू झाला. तो म्हणाला, “मामू, मला भीती वाटत होती. मी ब्रेक लावणारच होतो. पण मागचा मोबाइलवर शूट करत होता.”

ज्या मुलाला मोहल्ल्यातील चाळीस माणसांसमोर उभे राहायची लाज वाटत होती, तोच मुलगा एका मोबाइलसमोर जिवावर कसा उदार झाला? लाजाळूपणा आणि बेफिकिरी या दोन उलट गोष्टी आहेत, असे आम्ही समजत होतो. त्या उलट नाहीत. एकाच झाडाच्या दोन फांद्या आहेत.

डोक्यातील जलसा

डेव्हिड एल्काइंड नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये किशोरवयातील आत्मकेंद्रितपणावर एक लेख लिहिला. आज जगभर शिक्षकांच्या प्रशिक्षणात तो शिकवला जातो. ज्याँ पियाजे या स्विस शास्त्रज्ञाने त्याआधी दाखवून दिले होते की साधारण अकरा-बारा वर्षांनंतर मुलाच्या विचारशक्तीत मोठा बदल होतो. जे समोर नाही त्याचाही तो विचार करू लागतो. दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल, याचाही अंदाज बांधू लागतो. ही फार मोठी नेमत आहे. पण एल्काइंड म्हणतात, इथेच एक गफलत होते. दुसरे लोकही विचार करतात हे मुलाला कळते. पण ते कशाचा विचार करत असतील, हे ठरवताना तो स्वतःच्याच मनातील विषय त्यांच्या मनात घालतो. त्या वयात त्याच्या मनात रात्रंदिवस एकच विषय असतो : मी कसा दिसतो, माझा आवाज कसा आहे, मी कुठे चुकलो. मग त्याला वाटते, सगळे हाच विचार करत आहेत. जणू डोक्यात सतत एक जलसा भरलेला आहे, आपण स्टेजवर आहोत आणि सारा मोहल्ला पुढे बसून बघतो आहे. एल्काइंड यांनी याला काल्पनिक प्रेक्षक म्हटले.

पुढे १९७९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासोबत चौथी, सहावी, आठवी आणि बारावीच्या मुलामुलींना प्रश्नावली देऊन लोकांसमोर येण्याचा संकोच मोजला. तो आठवीत सर्वांत जास्त आढळला. आमचा भाचा आठवीतच होता. ज्या वर्षी त्याला आधाराची सर्वांत जास्त गरज होती, त्याच वर्षी आम्ही नक्कल करत होतो.

आणि हा प्रेक्षक खरेच असतो किती? अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मजेदार प्रयोग केला. तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याला एका जुन्या गायकाचे मोठे चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालायला लावला आणि इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले. बाहेर आल्यावर विचारले, किती जणांच्या ते लक्षात आले असेल? त्यांचा अंदाज साधारण निम्म्या लोकांचा होता. प्रत्यक्षात चौथा हिस्सा लोकांच्याही लक्षात आले नव्हते. ही तर कॉलेजातील मोठी मुले. चौदा वर्षांच्या मुलाचा अंदाज काय असेल, याची कल्पना करा. नाकावर एक मुरूम आला म्हणून शादीला यायला नकार देणारी आपली मुलगी नाटक करत नसते. तिच्यापुरता तो मुरूम शादीच्या मंडपाएवढा असतो.

‘माझी गोष्ट निराळी’

एल्काइंड यांनी दुसरीही एक गोष्ट सांगितली. आपल्याकडे एवढे लोक बघतात म्हणजे आपण कोणीतरी खास असणार, असे मुलाला वाटू लागते. आपले दुःख आजवर कोणाला झाले नसेल, आपले प्रेम कोणाला कळणार नाही, आणि जे इतरांना होते ते आपल्याला होणार नाही. “अम्मी, तुला नाही कळणार,” हे वाक्य ज्या घरात ऐकू येत नाही, असे किशोरवयीन मुलाचे घर आम्ही पाहिलेले नाही. वैनगंगेच्या डोहात दुसरे बुडतात, आपण नाही. गुटख्याने दुसऱ्याचा जबडा आवळतो, आपला नाही.

मात्र इथे वाचकांना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एल्काइंड यांच्यानंतरच्या संशोधनात हे चित्र पुष्कळ बदलले. १९९३ मध्ये अमेरिकेतील काही संशोधकांनी किशोरवयीन मुले आणि मोठी माणसे यांना शेजारी शेजारी ठेवून पाहिले. ‘मला काही होणार नाही’ हा समज मोठ्यांमध्येही जवळजवळ तेवढाच निघाला. म्हणजे धोका कळत नाही म्हणून मुले धोक्यात उडी घेतात, असे सरसकट म्हणता येत नाही. भाचा म्हणालाच होता, मला भीती वाटत होती. धोका त्याला कळत होता. ‘काय होणार आहे’ असे त्या रात्री मनात म्हणणारे आम्ही होतो, पन्नाशी ओलांडलेले!

मग कळत असूनही ब्रेक का लागत नाही?

तिघांची गाडी

याचे उत्तर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सापडते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी ३०६ लोकांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ खेळायला दिला. पिवळा दिवा लागला की थांबायचे की आणखी पुढे न्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. पुढे नेले तर गुण जास्त, पण कधीही भिंतीवर आदळण्याचा धोका. १३ ते १६ वर्षांची मुले, १८ ते २२ चे तरुण आणि २४ च्या वरचे लोक, असे तीन गट होते. काहींनी एकट्याने खेळ खेळला, काहींनी दोन मित्रांच्या समोर.

एकटे असताना तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता. लक्षात घ्या, एकटा असलेला पंधरा वर्षांचा मुलगा जवळजवळ मोठ्या माणसासारखाच सांभाळून चालवत होता. मित्र शेजारी उभे राहताच किशोरवयीन मुलांनी घेतलेला धोका दुप्पट झाला. कॉलेजच्या वयाच्या तरुणांत तो दीडपट झाला. मोठ्यांत काहीच फरक पडला नाही.

स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर अशाच खेळाच्या वेळी मेंदूची छायाचित्रे घेतली. मित्र शेजारच्या खोलीतून बघत आहेत, एवढे सांगितले तरी पुरेसे होते. मुलांच्या मेंदूतील बक्षिसाची ओढ लावणारा भाग जास्त जागा झाला. या वयात हा ओढ लावणारा भाग ऐन भरात असतो आणि आवर घालणारा भाग विशीच्या पुढेपर्यंत तयार होत राहतो. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर अ‍ॅक्सिलरेटर नवा कोरा आहे आणि ब्रेकचे काम गॅरेजमध्ये अजून चालू आहे. सवारी कमी असली तर गाडी कशीबशी सांभाळली जाते. मागे दोन मित्र बसले की अवघड होते.

आणि आता मागे तिसराही बसतो, तो म्हणजे मोबाइल. पूर्वी शर्यत संपली की प्रेक्षक आपापल्या घरी जायचे. आता प्रेक्षक खिशात आहेत आणि झोपतानाही उशाशी असतात. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात किशोरवयीन मुलामुलींना फोटो दाखवून त्यांच्या मेंदूचे निरीक्षण केले गेले. ज्या फोटोला जास्त ‘लाइक’ दिसत, त्यालाच मुलेही पसंती देत. दारू-सिगारेटसारख्या धोक्याच्या गोष्टींचे फोटो बघताना तर आवर घालणाऱ्या भागाचे काम मंदावलेले दिसले. एल्काइंड यांनी ज्याला काल्पनिक म्हटले होते, तो प्रेक्षक आज आकड्यांसह हातात आला आहे.

याची किंमत आपल्या महाराष्ट्राने मोजली आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत बांद्र्याच्या बॅन्डस्टँडवर सेल्फी काढताना एक तरुणी समुद्रात पडली आणि तिला वाचवायला गेलेला माणूसही बुडाला. त्यानंतर मुंबई पोलिसांनी सेल्फीसाठी धोकादायक अशा १६ जागा जाहीर केल्या. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात तरुणांनी भरलेली नाव उलटली. बुडण्याच्या थोडे आधी ते मोबाइलवरून आपली सहल लोकांना दाखवत होते. आपला जिल्हा तर तलावांचाच. पावसाळ्यात सालेकशाकडे हाजरा धबधबा, उन्हाळ्यात गावाची बोडी, सुट्टीत नवेगावबांध नाहीतर इटियाडोह. मुलांना जायला जागा भरपूर आहेत आणि पोहता येणारी मुले थोडी.

प्रेक्षक बसवले कोणी?

आता थोडे आपल्याकडे वळून पाहू. मुलाच्या डोक्यात हा जलसा भरतो, तो वयामुळे. पण खुर्च्या मांडून ठेवण्याचे काम कोणी केले?

मूल चालायला लागल्यापासून आपण त्याला काय ऐकवतो? “लोक काय म्हणतील?” मळके कपडे घातले, लोक काय म्हणतील. गुण कमी पडले, खानदानात काय तोंड दाखवू. मुलगी मोठ्याने हसली, शेजारी काय म्हणतील. अल्लाह बघतो आहे, हे आपण एकदा सांगतो आणि लोक बघत आहेत, हे शंभरदा. मग तेरा-चौदाव्या वर्षी मुलाला खरोखर वाटू लागते की सारे जग बघते आहे, तेव्हा आपण म्हणतो, “एवढे कसले मनाला लावून घेतोस!”

मुलींच्या बाबतीत आणखी सांभाळून बोलायला हवे. तिचा प्रेक्षक सगळाच काल्पनिक नसतो. गल्लीत तिच्याकडे बघणारे डोळे खरे असतात. दावतीत “किती काळवंडली”, “वजन वाढलं गं”, “चेहऱ्याला काही लावत नाहीस का?” असे बोलणाऱ्या खालाही खऱ्याच असतात. टोपी घालून वर्गात बसणाऱ्या एकट्या मुलाकडे किंवा हिजाब घालून कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडे लोक बघतात, हाही तिचा भ्रम नाही. अशा मुलांना “तुझ्याकडे कोणी बघत नाही” असे सांगितले तर ती आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत आणि त्यांचे बरोबरच असेल. त्यांना सांगायचे ते असे : “काही लोक बघतात, हे खरे आहे. पण त्यांच्या बघण्यावर तुझी किंमत ठरत नाही. घरी ये, काय झाले ते सांग. आम्ही तुझ्या बाजूने आहोत.”

आमच्या वडिलांची पिढी पंधराव्या वर्षी बिडीच्या कारखान्यात किंवा राइस मिलमध्ये कामाला लागली होती. ते दिवस चांगले होते, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. त्यांचे बालपण हिरावले गेले, शाळा सुटली. पण त्यात एक गोष्ट होती : त्या वयात त्यांना कोणीतरी मोजत होते. आठवड्याचा पगार अम्मीच्या हातात ठेवणारा मुलगा घरात ‘कोणी’ होता. आज आपण मुलांना शिकवतो, खाऊ घालतो, कपडे घेतो, पण त्यांच्यावर भरवसा ठेवून सोपवलेले काम मात्र एकही नसते. ‘कोणी’ होण्याची भूक तीच आहे. घरात ती भागली नाही तर मुलगा ती बालाघाट रोडवर भागवतो.

जवळ बोलावून

रागावायचेच नाही का, असे पालक विचारतील. सीरतमधील एक प्रसंग बहुतेकांना माहीत आहे. एक तरुण पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांच्याकडे आला आणि भर सभेत त्याने व्यभिचाराची परवानगी मागितली. बसलेले लोक त्याच्यावर ओरडले. आपण (सल्ल.) मात्र त्याला जवळ बोलावले, बसवले आणि शांतपणे विचारत गेले की हे तुझ्या आईसाठी, मुलीसाठी, बहिणीसाठी तुला आवडेल का. प्रत्येक वेळी तो नाही म्हणत गेला. मग त्याच्यावर हात ठेवून दुआ केली. या प्रसंगातील शिकवण आपण जाणतोच. पालकांनी त्यातील पद्धतही बघावी. गुन्हा छोटा नव्हता, नकारही स्पष्ट होता. पण आवाज चढला नाही, आणि त्या तरुणाला लोकांच्या नजरेतून काढून आपल्याजवळ घेतले गेले. आज मानसशास्त्र ज्या निष्कर्षावर येते, त्याच्या हे फार जवळ आहे.

आमच्या घरात त्या रात्रीनंतर काही गोष्टी ठरल्या. त्या इथे देतो. सगळ्या पाळता आल्या असे नाही, पण प्रयत्न चालू आहे.

१. चावी खिळ्यावर राहत नाही. १८ वर्षांच्या आत गिअरची गाडी नाही, मग कब्रस्तान असो की किराणा दुकान. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात बदल झाला आहे. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. गाडी आमच्या नावावर होती. जे भोगायचे ते कायद्याने आमच्याच वाट्याला येते, आणि त्यात काही गैर नाही.

२. चारचौघांत चूक काढायची नाही. मित्रांसमोर, पाहुण्यांसमोर, मशिदीच्या पायरीवर तर नाहीच. जे बोलायचे ते खोलीत, दार लावून, हळू आवाजात. चौघांत केलेला अपमान मुलाच्या मनात चारशे लोकांत झालेला असतो.

३. त्यांचे किस्से दावतीत सांगायचे नाहीत. फुटलेला आवाज, पहिली मिशी, वजन, रंग, मुरूम, नापास झालेला विषय. यातले काहीही विनोदाचा विषय नाही. घरातील बायकांनीही हे ठरवले आहे.

४. मित्रांना घरी बोलवायचे. मित्र सोबत असले की धोका वाढतो, हे खरे. पण मित्र तोडून मुलगा सुधारत नाही, तो लपायला शिकतो. ज्या मुलांना आपण दस्तरख्वानवर बसवले, ज्यांच्या अब्बूंचे नाव आपल्याला माहीत आहे, त्यांच्यापैकी एकजण तरी वेळेवर “चल, घरी जाऊ” म्हणेल, अशी आशा धरता येते.

५. आधीच ठरवून ठेवायचे. मित्रांसमोर त्या क्षणी डोके चालत नाही, म्हणून ते घरी शांत असताना चालवून घ्यायचे. “कोणी गाडी पळवायला लावली तर काय म्हणशील? पोहता येत नसताना बोडीत उतरायला लावले तर?” आम्ही भाच्याला एक वाक्य दिले आहे : “मामू बाहेर उभे आहेत, जावे लागेल.” इज्जत राहते आणि जीवही. त्याच्यासोबत आमचा एक वायदाही आहे. रात्री कितीही वाजता फोन आला तरी आम्ही घ्यायला जाऊ आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. प्रश्न दुसऱ्या दिवशी.

६. खरे काम सोपवायचे. कुर्बानीच्या गोश्तच्या वाटपाची यादी, इफ्तारचा हिशेब, दादीच्या औषधांची जबाबदारी, लहान भावंडांचे गणित. चुकले तरी काम परत काढून घ्यायचे नाही. आणि धाडसाची भूक असेल तर तिला सुरक्षित वाट द्यायची : कबड्डी, कुस्ती, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहणे.

७. लाज आणि आजार यातील फरक ओळखायचा. संकोच बहुतेक मुलांमध्ये वयासोबत कमी होतो. पण मुलगा किंवा मुलगी काही आठवड्यांपासून झोपत नाही, जेवत नाही, शाळा टाळते, कोणाशीच बोलत नाही, किंवा मरणाची भाषा बोलते, तर ती ‘या वयाची नाटके’ समजू नका आणि फक्त ताविजावर थांबू नका. शासनाचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. सरकारी रुग्णालयांत त्याची केंद्रे आपल्या राज्यात ‘मैत्री’ नावाने चालतात. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. हे तिन्ही फ्रिजवर चिकटवून ठेवा.

वाचकांपैकी काही म्हणतील, आमच्या वेळी हे लाड नव्हते. नव्हते, खरे आहे. पण आपल्यापैकी प्रत्येकाला आठवीतला एखादा असा प्रसंग आठवतो, ज्यात कोणीतरी हसले होते. हसणाऱ्याला तो आठवत नसेल. आपल्याला चाळीस वर्षांनंतरही आठवतो.

नागपूरहून तो दुसरा मुलगा परत आला, तेव्हा आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या अब्बूंनी चहा दिला. त्याच्या अम्मीने पडद्याआडूनच विचारले, “चावी तुम्हीच दिली होती ना?” आम्ही “हो” म्हणालो. दुसरे काही सांगण्यासारखे नव्हते. भाचाही कुबड्या घेऊन सोबत आला होता. त्याने स्वतः माफी मागितली, आम्ही सांगितले नव्हते. त्या मुलाला अजूनही कधी कधी एकाएकी डोकेदुखी होते. हे आम्हाला विसरता येत नाही आणि विसरूही नये.

रमजानचे दिवस भाच्याने घरीच काढले. मशिदीत जाणे जमत नव्हते, म्हणून काही रात्री आम्ही त्याच्या घरी जाऊन जमाअत केली. एका रात्री इकामत कोणी म्हणायची, असे झाले. सगळे गप्प होते. भाचा खुर्चीवर बसल्या बसल्याच म्हणू लागला. आवाज आता खाली उतरला आहे, भारदस्त झाला आहे. मध्ये एकदा तो किंचित घसरला. आमच्या बहिणीने आमच्याकडे पाहिले. आम्ही सफ सरळ करत राहिलो. कोणी हसले नाही. नमाजनंतर कोणी “माशाअल्लाह, काय आवाज आहे” असेही म्हणाले नाही. कारण त्याला तेही नको असते, एवढे आम्हाला आता कळले आहे.

दुसऱ्या रात्री त्याने न विचारताच इकामत म्हटली.

आपल्याही घरात असे एखादे मूल असेल. त्याच्याबद्दल जरूर लिहा. नाव न लिहिता लिहिले तरी चालेल. पुढील महिन्यात, इन्शाअल्लाह, दहावी-बारावीच्या निकालाचे दिवस आणि घरातील बोलणे याविषयी. तोवर एक विनंती : आज घरी गेल्यावर गाडीची चावी कुठे टांगलेली आहे, ते एकदा बघा.

खुदा हाफिज.